बिनबिल्ल्याची गुरं

गाबोरोन,
६ ऑगस्ट

मामा,

आधी नमस्कार, मग काम. नाहीतर म्हणाल, शहरात राहून पोरगी रीतभात विसरली.

आई बरी आहे. दुखवट्याचे काळे कपडे अंगावर आहेत तोवर ती सेरोवेच्या घराबाहेर पाऊल टाकत नाही, गुरांचं तर नावही काढत नाही. बाबांना जाऊन चार महिने झाले. त्यांची खुर्ची ती अजून संध्याकाळी अंगणात मांडते आणि स्वतः खाली चटईवर बसते.

पुलेच्या ट्रकातून एक मोठी पेटी येते आहे. घाबरू नका, आत भूत नाही. गळ्यात बांधायचे पट्टे आहेत आणि कानात टोचायचे बिल्ले. पट्टा मोठ्या गाईंना. त्यातलं यंत्र गाय किती चालली, रवंथ करते की नाही, अंग तापलंय का, हे सगळं सांगतं. बिल्ला मात्र प्रत्येक जनावराला. पेटीमागून दोन कारागीर येतील. ते बोअरजवळ खांब उभारतील, पंप उन्हावर चालेल असा करून देतील आणि गुरं पाणी पितात त्या हाळेभोवती तारेचं कुंपण घालून फाटक बसवतील. हाळेतलं पाणी उतरलं की पंप आपला आपण सुरू होईल. मी इथे बँकेत बसून मोबाईलवर सगळं बघेन.

बिल्ले सरकारी नोंदीत बाबांच्या नावावर जेवढी गुरं आहेत तेवढेच मागवलेत. कुणाला किती गुरं आहेत असं तोंडावर विचारणं आपल्यात उद्धटपणाचं, म्हणून तुम्हाला विचारायला माझी जीभ रेटेना. बाबा असते तर कानाखाली वाजवली असती.

बाबांसारखं दर शनिवारी गाडी काढून रानात येणं मला जमणार नाही, आणि तुमचेही गुडघे आता कुरकुरतात असं आई म्हणते. म्हणून हा खटाटोप. एक लक्षात ठेवा, त्या खांबावरून गाईचा ताप माझ्यापर्यंत येईल, तुमचा आवाज येणार नाही. फोन तिथे लागत नव्हता तो यापुढेही लागणार नाही. तेव्हा आळस न करता पत्रं लिहा, पुले आणून देईल.

कागद म्हणतो, गुरं आता माझी. मला मात्र अजून ती बाबांची आणि तुमचीच वाटतात.

तुमची भाची,
केसेगो


मोरुलेंग, गुरांचं ठाणं,
२९ ऑगस्ट

बहिणीच्या लेकी,

तुझे कारागीर आले, राहिले आणि माझं साठवलेलं सगळं आंबट दूध पिऊन गेले. शहरात त्यांना कुणी खायला घालत नाही का?

पट्टे बांधताना काय तमाशा झाला म्हणून सांगू! तुझ्या बापाच्या त्या तांबड्या गाईने मला दोनदा काट्यांत लोळवलं. शेजारच्या ठाण्यावरचा सेबेगो कुंपणावर हात टेकून बघत होता. म्हणाला, "काय बासुपी, गुरांना शाळेत घालतोस? दप्तरं कुठायत?" मी म्हटलं, "एक पट्टा तुझ्यासाठीही आलाय. तुझ्या बायकोने मागवलाय, संध्याकाळी कुठे जातोस ते कळायला." तसा हात झटकून आपल्या ठाण्याकडे चालता झाला.

पण खरं ते सांगतो. परवा एका गाईच्या पट्ट्यावरचा दिवा लाल झाला. मी तिला सकाळीच बघितलं होतं आणि बरी आहे म्हणून पुढे गेलो होतो. म्हटलं, यंत्र खुळं आहे. तरी मन राहीना म्हणून जबडा उघडून बघितलं, तर चघळताना हाड घशात अडकलेलं. हिवाळ्याच्या शेवटी गवतात कस नसतो, मग हाडं चघळत फिरतात बाया. हात घालून काढलं. आता चरते आहे. यंत्राने माझं नाक कापलं, पण गाय वाचली, त्यामुळे मी नाकाचं दुःख करत नाही. सेबेगोला मात्र सांगितलं की मलाच आधी कळलं.

बिल्ले बरोबर पुरले, म्हणजे तुझ्या बापाच्या गुरांना पुरले. पुढचं काय ते तू बोलशील तेव्हा. मला घाई नाही.

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी दोनदा वाचली. तुझा बाप असता तर हेच म्हणाला असता. बरं वाटलं मला.

तुझा मामा,
बासुपी


गाबोरोन,
१७ सप्टेंबर

मामा,

हाडाची गोष्ट मी बँकेत सगळ्यांना सांगितली. आमचे साहेब म्हणाले, तुझ्या मामांना आपल्याकडे नोकरीला घे.

ते "पुढचं" मी विसरलेले नाही, मामा. तुम्ही भिडेपोटी स्पष्ट लिहिलं नाहीत, पण मी काही लहान राहिले नाही. बाबांचं तुमचं काय ठरलं होतं मला माहीत नाही, पण फुकट राबवून घेणं मला पटत नाही. ऑक्टोबरपासून तुम्हाला दरमहा पगार सुरू करते. सेरोवेच्या शाखेत तुमच्या नावाने खातं उघडलं आहे.

आता एक काळजीची गोष्ट. हाळेवरचा सेन्सर सांगतो की रोज सकाळी आपल्या गुरांबरोबर काही बिनबिल्ल्याची जनावरंही पाणी पिऊन जातात. अधूनमधून नव्हे, रोज. बोअरचं पाणी झपाट्याने खाली जातं आहे आणि पाऊस कधी येईल याचा नेम नाही. ही जनावरं सेबेगोची असोत की आणखी कुणा फुकट्याची, आपण सगळ्या रानाची तहान भागवू शकत नाही. १० ऑक्टोबरपासून फाटक बिल्ला वाचूनच उघडेल. ज्याच्या कानात आपला बिल्ला नाही त्याला आत वाट नाही.

किल्ली तुमच्याजवळ आहे, पण ती यंत्र बिघडलं तरच वापरायची. तुम्ही फार भिडस्त, कुणी दोन गोड शब्द बोललं की विरघळता. म्हणून सांगते, बिनबिल्ल्याच्या जनावरासाठी ते फाटक उघडलंत तर तुम्हाला बाबांच्या कबरीची शपथ आहे.

केसेगो


मोरुलेंग,
२६ सप्टेंबर

ताई,

हे पत्र पोरीला दाखवू नकोस. वाच आणि चुलीत घाल.

तुझी लेक मला पगार देणार आहे. पगार! मामाला! तिने ते मोठ्या प्रेमाने लिहिलंय, म्हणून तर जास्त लागलं. एवढी वर्षं मी तुझ्या नवऱ्याची गुरं राखली ती काय चाकर म्हणून? दूध माझं, आणि दोन-तीन वर्षांनी एखादी कालवड माझी, एवढंच आमचं बोलणं. कागद कधी केला नाही. मेहुण्यांनी आपसांत कागद करायचा म्हणजे लोक हसतील. तो कालवडीच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "हिला माझा डाग देऊ नको बासुपी, ही तुझी. तुझा स्वतःचा डाग करून घे." मी आळशी. लोहाराकडून माझी डागणी करून आणायची, ते आज राहिलं, उद्या राहिलं, आणि तो गेला.

तर माझी आयुष्याची कमाई म्हणजे त्या गाई. अंगावर डाग नाही, कानात बिल्ला नाही. त्यांनाच तुझी लेक फुकट्यांची जनावरं म्हणते आणि त्यांचं पाणी तोडते. वर बापाच्या कबरीची शपथ घालते.

मला आधी वाटलं होतं तिला माहीत आहे. पहिल्या पत्रात "बाबांची आणि तुमचीच" असं लिहिलं होतं तिने. आता वाटतं, माहीत असूनच करते आहे. बँकेत शिकलेली मुलगी, तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा यंत्राकडून म्हणवते.

मी तोंडाने "या माझ्या" म्हणणार नाही. हे देणाऱ्याने म्हणायचं असतं. वर्षाचा दुखवटा संपला नाही तोवर मी गुरांत वाटा मागितला असं सेरोवेभर होईल. आणि तूही तिला काही सांगू नकोस.

तुझा भाऊ,
बासुपी


सेरोवे,
४ ऑक्टोबर

बासुपी,

तू लहानपणापासून असाच. ताटातलं मांस कुणी उचललं तर "माझं आहे" म्हणायचं नाही, नुसतं तोंड फुगवून बसायचं, आणि मग आईने सगळ्यांना मारायचं.

ती मुद्दाम करत नाही, गाढवा. तिला कुणी सांगितलेलंच नाही. तिचा बाप सांगणार होता, पण त्याला कुठे माहीत होतं की गुरुवारी बसलेला माणूस शुक्रवारी उठणार नाही. आता मी सांगायचं तर माझ्या अंगावर काळे कपडे. परवाच दोघं दीर येऊन गेले. चहा प्यायले, त्याच्या खुर्चीत टेकून बघितलं आणि जाताना म्हणाले, "वहिनी, गुरं जागच्या जागी आहेत ना?" आज मी म्हटलं की त्यातल्या काही माझ्या भावाच्या, तर उद्या ते मोरुलेंगला ट्रक घेऊन येतील. माहेरच्यांनी गुरं नेली म्हणून केसेगोच्याही हातात काही ठेवणार नाहीत. एप्रिलमध्ये हे कपडे उतरतील, सगळे जमतील, तेव्हा चारचौघांत मी तुझ्या गाई तुझ्या म्हणून सांगेन. आधी सांगता येत नाही. मला हे सुखाचं वाटतं असं समजू नकोस.

तोवर किल्ली काढ, फाटक उघड, तुझ्या गाईंना पाणी पाज. पोरीची शपथ मोडल्याचं पाप मी माझ्या डोक्यावर घेते. तुझा हा मान घेऊन काय करायचंय? गाईंना मान पाजता येत नाही.

बोनोलो


मोरुलेंग,
१२ ऑक्टोबर

चि. केसेगो हिस,

तुझं फाटक चालू झालं. बिल्ल्याची गुरं आत जातात, बाकीची बाहेर राहतात. तू घातलेल्या शपथेबाहेर मी गेलेलो नाही.

मी काही दिवस चुलतभावाकडे, त्याच्या विहिरीवर जातो आहे. तुझ्या गुरांना पाणी यंत्र देतं, आजारी पडली तर यंत्र सांगतं, तेव्हा माझ्यावाचून काही अडणार नाही. वासरांकडे सेबेगो नजर ठेवेल, त्याला सांगून ठेवलं आहे.

पगार पाठवू नकोस.

बासुपी


गाबोरोन,
२४ ऑक्टोबर

मामा,

सुटी घेतलीत, फार छान केलंत! मी कधीपासून म्हणत होते. चुलतमामांकडे निवांत झोपा, बुद्धिबळ खेळा, त्यांना हरवा. पगाराचं मात्र ऐकणार नाही, तो बँकेत पडून राहील, तुम्ही भांडत बसा.

इकडे गरमी अशी की डांबर चपलेला चिकटतं. तिकडे तर विचारायलाच नको. पण आपली सगळी गुरं बरी आहेत, रोज बघते. एकीचाही दिवा लाल नाही.

आणि फाटक! तुम्ही नसताना त्याची खरी परीक्षा झाली. या आठवड्यात ती बिनबिल्ल्याची जनावरं पुन्हा आली. आणि केवढी चिवट, मामा! दिवसभर फाटकाला ढकलत होती. मोबाईल सारखा वाजायचा, "ओळख पटली नाही, ओळख पटली नाही." मी बँकेतल्या मैत्रिणींना दाखवलं, आम्ही खूप हसलो. त्या म्हणाल्या, आपल्या शाखेच्या दाराला असलंच एक बसवू. शेवटी साहेब रागावले म्हणून मी आवाज बंद केला. दुसऱ्या दिवशीही चालूच होतं, मग हळूहळू कमी झालं आणि काल दुपारी थांबलं. शिकली बहुतेक, गेली असतील आपल्या मालकाकडे.

हाळ काठोकाठ भरलेली आहे. मला वाटतं, या दुष्काळातून आपण निघणार.

तुमची,
केसेगो


गाबोरोन,
९ नोव्हेंबर

मामा,

आईने काल फोन करून सगळं सांगितलं. काळे कपडे असताना सांगितलं. तुम्ही पायी सेरोवेला आलात, अंगणात बसलात आणि दोन दिवस पाण्यालाही शिवला नाहीत, मग तिला राहवलं नाही. तिने फोन तुमच्या हातात दिला तेव्हा मी नुसती "मामा, मामा" करत होते. तुम्ही तो कानाला न लावता खाली ठेवलात. म्हणून लिहिते आहे.

मला माहीत नव्हतं. हे वाक्य मी कितीतरी वेळा लिहिलं आणि खोडलं, कारण त्याचा काही उपयोग नाही. माझ्या मोबाईलमध्ये ते सगळं अजून आहे. प्रत्येक धडक, वेळेसकट. मी त्यांच्याकडे बघत होते, मामा. तुमच्या गाई पाणी मागत होत्या आणि मी ते मैत्रिणींना दाखवून हसत होते, आणि मग आवाज बंद केला. इथून एक बोट टेकवलं असतं तर फाटक उघडलं असतं.

तुम्ही एक शब्द का नाही लिहिलात? नुसतं "त्या माझ्या" एवढंच. पण हेही विचारायचा हक्क मला राहिला आहे का, कळत नाही. "पुढचं" म्हणजे काय, हे मी तरी कुठे विचारलं? मला वाटलं पगार.

मी शनिवारी येते. माझ्या कळपातल्या हव्या त्या गाई घ्या, अर्ध्या घ्या, सगळ्या घ्या. काका लोकांना काय बोलायचं ते बोलू देत.

आणि पुढच्या वर्षी माझं लग्नाचं मागणं यायचं आहे. त्या दिवशी मामाच्या जागेवर तुम्हीच बसायला हवं. सगळ्यांसमोर मला हवं ते बोला, शिव्या द्या, पण या. एवढं नाही म्हणू नका.

केसेगो


सेरोवे,
२० नोव्हेंबर

केसेगो,

तू शनिवारी आलीस तेव्हा मी मागच्या दाराने निघून गेलो. तुझा राग म्हणून नव्हे. तुझ्याकडे बघून काय बोलायचं ते सुचलं नसतं.

तू मुद्दाम केलं नाहीस हे मला आता कळतं. मीही तुला मुद्दाम अंधारात ठेवलं नाही. मला वाटलं तुला दिसतंय. तुझ्या यंत्राला एवढं सगळं दिसतं, मग हेही दिसत असेल असं मी धरून चाललो. एक शब्द मागितला असता तर तू पेटीभर बिल्ले पाठवले असतेस, हे आज मला ठाऊक आहे. तेव्हा तो शब्द तोंडातून निघाला नाही. तुझी आई मला गाढव म्हणते ते बरोबर आहे.

काय झालं ते एकदा सांगतो, पुन्हा कुणी विचारू नका. चुलतभावाच्या विहिरीचं पाणी खारट निघालं. माझ्या गाईंनी नाक लावलं आणि मान फिरवली. मी विहीर आणखी खणायला उतरलो, तेवढ्यात त्या काटेरी कुंपण मोडून गेल्या. पूर्वेकडे ढग दिसले होते, थोडा शिडकावाही झाला होता. मला वाटलं ओल्या गवताच्या वासावर गेल्या असतील. म्हणून मी पूर्वेला शोधत राहिलो. त्या पश्चिमेला गेल्या होत्या, घरी, ज्या हाळेवर लहानाच्या मोठ्या झाल्या तिथे. एकीच्या जरी गळ्यात पट्टा असता तरी तुझ्याकडून मला निरोप आला असता. मी वाटेल त्याला विचारत फिरत होतो, "माझ्या गाई पाहिल्यात का?" आणि लोक विचारायचे, "डाग कुठला?" मी काय सांगणार?

सेबेगोने त्यांना फाटकाशी पाहिलं होतं. उघडायला गेला, पण किल्ली माझ्या खिशात. तारा तोडल्या तर तुझ्या मोबाईलवर चोर म्हणून दिसेल या भीतीने तो परत फिरला. त्यालाही मी दोष देत नाही.

मी पोचलो तेव्हा त्या फाटकाला कपाळं टेकून पडल्या होत्या. पलीकडे तुझ्या गाई पाणी पीत होत्या. त्यातल्या काही यांच्याच आया, यांच्याच बहिणी. एक अजून जिवंत होती. मी किल्ली काढली आणि फाटक उघडलं, तुझी शपथ तिथे मोडली. टोपीतून पाणी आणून तिच्या तोंडाला लावलं. ते तोंडातून तसंच वाळूत गेलं. मग मी हाळेच्या कडेवर बसून पोरासारखा रडलो. खोटं कशाला सांगू.

तुझ्या कळपातल्या गाई मला नकोत. मी त्या राखल्या आहेत, एकेकीला ओळखतो. कुठल्याही गाईकडे बघितलं की हिची बहीण फाटकाबाहेर मरून पडली होती हेच दिसेल. मोरुलेंगला मी परत जाणार नाही. तिथे माणूस ठेव, पगारी. यंत्र चांगलं आहे, ते काढू नकोस.

आता मागण्याचं. त्या दिवशी मामाने भाचीसाठी स्वतःच्या कळपातली गाय आणायची असते, तुला कुणी हेही सांगितलं नसेल. तुझ्यासाठी मी एक कधीची काढून ठेवली होती. काळी, पोटाखाली पांढरी, पहिल्यांदाच गाभण. टोपीतून जिला पाणी पाजत होतो ती तीच.

आता माझ्याकडे आणायला काही नाही, आणि रिकाम्या हाताने मी त्या जागेवर बसणार नाही. तुझ्या आईला दुसरा भाऊ नाही, हे मला माहीत आहे. तरी माझी वाट बघू नका.

बासुपी